डावीकडचं फूल

मंगळवार, कळंब

आज आणलं: नारळ पस्तीस रुपये, फुलं दहा रुपये. देवाची माफी मागायला.

महेश विमान चालवतो. दोन कंपन्या एक झाल्या, तेव्हा वैमानिकांनी ठरवलं, सगळ्यांना सारखा करार मिळेपर्यंत कुणीच सही करायची नाही. महेशनं विचारलं, "आई, देवाला कौल लाव. मी एकट्यानं करू का सही?"

डावीकडचं फूल पडलं, म्हणजे नको. सही केली नाही तर त्याची नोकरी जाईल या भीतीनं मी उजवं सांगितलं. त्यानं सही केली. आता सोबती त्याच्याशी बोलत नाहीत.

आज फोनवर म्हणाला, "देवानंच सांगितलं ना आई, मग लोकांचं काय!" मी कुणाला फसवलं, लेकराला की देवाला?

उद्या पत्र टाकते. "बाळा, फूल डावीकडचं पडलं होतं. खोटं मी बोलले. सही मागे घेता येईल का? उलट टपाली कळव."