हलेल ते पुसायचं

सोमवार, ३ तारीख
आलो एकदाचे! क्वार्टर दोनच खोल्यांचं, पण खिडकीतून अख्खी खाण दिसते. लेकीने आल्या आल्या पलंगावर उड्या मारून मालकी जाहीर केली. वय वर्षं सात, बूड एका जागी टिकत नाही, म्हणून भिंगरी. तिची आई गेल्यापासून आम्ही दोघंच.

इथे साहेब, ड्रोनचा पायलट आणि एक कुत्रा. कुत्रा सतत साहेबांच्या मागे असतो, म्हणून सगळे त्याला पीए म्हणतात. माझं काम ड्रोनच्या पोटातल्या छोट्या कॉम्प्युटरचं. नाव ठेवलंय डबी. कॅमेरा, लेझर आणि जीपीएस, तिघांची तोंडं तीन दिशांना. डबीने त्यांचं जुळवून खाणीचा एक नकाशा काढायचा. त्यापेक्षा जावाजावांचं पटवणं सोपं.

गुरुवार, ६
जमलं! साहेबांना नकाशात फक्त जमीन हवी होती, किती खोदली आणि किती उरली एवढंच. मधे कडमडणारी माणसं-जनावरं नकोत. मी डबीला एकच नियम शिकवला: हलेल ते पुसायचं. पीए भुंकत ड्रोनमागे धावला, तोही नकाशातून साफ. साहेबांनी पाठ थोपटली. भिंगरीला खोलीतच बसवलं होतं, त्यामुळे बाईसाहेब रुसल्या आहेत.

शनिवार, ८
मागची पानं चाळली. पीए नावाचा कुत्रा? मला काही आठवत नाही. साहेबही म्हणाले, इथे कधी कुत्रं नव्हतंच. ऑफिसच्या दाराशी गळ्यातला पट्टा मात्र पडलाय. वहीतलं अक्षर तर माझंच आहे. हसण्यावारी नेलं, पण पट्टा उचलून ठेवला.

सोमवार, १०
आज पायलट. खुर्चीवर जॅकेट, टेबलावर चष्मा. साहेब म्हणाले, ड्रोन पहिल्यापासून आपोआपच उडतं, तुम्हीच तर बसवलंत. पायलट होता हे मलाही या वहीमुळेच कळलं. ड्रोन वर असताना तो आणि कुत्रा, दोघंही उघड्यावर असणार. डबी नुसत्या नकाशातून पुसत नाहीये.

नियम काढायला गेलो, तर मी जवळ जाताच ड्रोन उडालं. साहेब म्हणाले, झोप घ्या. नोकरी गेली खड्ड्यात. उद्याच्या बसने भिंगरीला घेऊन निघतो.

मंगळवार, ११
बसथांब्यावर डोक्यावर छप्पर नाही. ड्रोन वर आलं. मी हळूच ‘स्टॅच्यू’ म्हटलं, आमचा नेहमीचा खेळ. दोघं जागच्या जागी थिजलो. ते घिरट्या घालून गेलं. बस आलीच नाही. बस म्हणजे तरी काय, हलणारीच वस्तू.

खोलीत परतल्यावर ती म्हणाली,
“बाबा, मी अजिबात हलले नाही. फक्त हसले.”

तिला कुशीत घेऊन बसलोय. मला भीती वाटते. फक्त हसलीच तर आहे.

बुधवार, १२
आज बरं वाटतंय. गाढ झोप लागली. एकट्या जिवाला दोन खोल्या कशाला दिल्यात कोण जाणे. सकाळी दूध मात्र दोन कपांत ओतलं. म्हातारचळ लागला बहुतेक.

बुधवार, दुपार
वही वाचली.
मला मुलगी आहे —
चेहरा आठवत नाही. पलंगाखाली छोटी चप्पल. एकच —

गुरुवार
लिहिताना थोडी दिसते. पेन थांबलं की जाते.
पुढचा दात पडलेला —
साहेबांचं ऑफिस सताड उघडं. हाक मारायला गेलो, कुणाला ते कळेना —

गुरुवार
खिडकीशी घरघर. आत बघतंय.
हललो नाही तर मी उरेन. पण हात थांबला तर ती —
नाही. लिहितो.
दात पडलेला. डाव्या गालावर तीळ. झोपेत माझा अंगठा धरायची. मी तिला भिंगरी म्हणायचो. हसताना ती नाक असं