गोदाबाईंच्या हातचे पोहे

४ जुलै
सांगलीहून आले आणि पहिल्याच दिवशी राजापेठेत खोली मिळाली. मी शिकवणार तो क्लास इतका जवळ की रिक्षाही नको. मालकीण गोदाबाई एकट्याच राहतात. त्यांचं हारांचं दुकान आहे, त्यामुळे जिनाभर मोगऱ्याचा वास. जेवण त्यांच्याकडेच ठरलं. लगेच सांगून टाकलं, मला शेंगदाणा चालत नाही, चिमूटभर गेला तरी घसा सुजतो, श्वास अडकतो. अनुपदादाने परदेशातून पाठवलेलं इंजेक्शनचं पेनही दाखवलं. टोपण काढायचं, मांडीला बाहेरून दाबून धरायचं, कपड्यावरूनही चालतं, आणि मग तडक दवाखाना. गोदाबाईंनी मान डोलावली. छान बाई आहेत.

९ जुलै
क्लासमध्ये शेखर सरांनी चिक्की पुढे केली. नको म्हटलं, कारणही सांगितलं. ते हसत सुटले. "दाण्यानं कोणी मरते काय, मॅडम?" मी इथे मुलांना रोगप्रतिकारशक्ती शिकवते आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाला एवढं पटवू शकत नाही.

१४ जुलै
जेवल्यावर ओठांना खाज. भाजीत काय घातलंत, असं गोदाबाईंना विचारलं. त्यांनी तेलाची पिशवी आणून दाखवली. सोयाबीनचं तेल. माझंच मन संशयी, दुसरं काय.

१९ जुलै
पुन्हा खाज, पोटात मुरडा, हातांवर पित्ताच्या गांधी. परत विचारलं. कितीदा तेच तेच सांगायचं? त्या चिडल्या नाहीत. माझ्या केसांवरून हात फिरवत म्हणाल्या, त्यांच्या नातीलाही दूध सोसत नव्हतं, थेंब थेंब पाजून सवय लावली. मी विचारलं, म्हणजे काय? नुसत्या हसल्या. उद्या इथलं जेवण बंद करते.

२० जुलै, सकाळ
पोहे खाऊन झाल्यावर जेवण बंद करायचं सांगितलं. तर म्हणाल्या, "तू आल्यापासून दाण्याचा कूट खाऊन राहिली, पोरी. तुले समजलं बी नाई. आज पोह्यात जरा जास्त टाकला. काई झालं काय?"
जीभ जड होतेय. पेन कुठे

दुपार
पेन दाबलं. कट्ट आवाज झाला, धरून ठेवलं. श्वास आला. दवाखान्यात चला म्हटलं, औषध उतरलं की पुन्हा त्रास होऊ शकतो. त्या म्हणाल्या, आता बरी दिसतेस, झोप. उठून उन्हात फिरशील म्हणून बाहेरून कुलूप लावून दुकानात गेल्या. प्रेमाने. फोन घेत नाहीत.

१०८ला पत्ता सांगितला, कुलपाचं सांगायचं राहिलं. गाडी निघाली म्हणाले.

घसा पुन्हा आवळतोय. बोलता येईना, म्हणून इथे लिहिते. डॉक्टर — शेंगदाणा खाण्यात आला. एक पेन दिलंय. दुसरं नाही.

फोन वाजला, गाडीवाल्यांचा. उचलला. शब्दच फुटेना. त्यांनी ठेवला.

भोंगा. आले. खालचं दार वाजवतात. जिना उतरता येईना, भिंत ठोकतेय — खिडकी मागच्या गल्लीत — तांब्या फेकला —

खाली शेजारी कोणीतरी सांगतोय, घराले कुलूप हाय, आत कोणी नाई

नाही — आहे मी

गाडी परत सुरू केली त्यांनी. आहे मी, वर, आ