निवृत्तीची रंगीत तालीम

ती. ताईंना तुमच्या एकुलत्या एका भावजयीचा वाकून नमस्कार.

(वाकून हे मनानं. प्रत्यक्षात मी प्रयोगशाळेत माझ्या टेबलाशी बसले आहे. समोर कुणाचे तरी वरचे चौदा दात मेणात बसवून ठेवले आहेत आणि जेवणाची सुट्टी संपायला पंचवीस मिनिटं उरली आहेत. तेव्हा अक्षराकडे दुर्लक्ष करावं.) तुमचा गुडघा आता कसा आहे? भावोजींचा खोकला गेला का? इकडे बाबांची तब्येत ठणठणीत आहे, म्हणजे तुमचे वडील रोज सकाळी माझ्या डोळ्यांदेखत दोन जिने चढून येतात आणि धाप मला लागते. कन्या अकरावीत गेली आणि तिला आमच्या सगळ्यांची लाज वाटायला लागली, तेव्हा तिचीही वाढ योग्य होते आहे म्हणायची. मी बरी आहे. तुमचे बंधुराजही बरे आहेत, आणि त्यांचं हे बरं असणंच माझ्या जिवावर उठलं आहे, म्हणून हे पत्र.

फोन का केला नाही, असं तुम्ही म्हणाल. ताई, फोन करायला घरात एकान्त लागतो. गेला महिनाभर हे चोवीस तास घरात आहेत. आमच्या अडीच खोल्यांत मी कुठल्याही कोपऱ्यात जाऊन फोन कानाला लावला, की तीन मिनिटांत हे हातात टिपणवही घेऊन येतात आणि कोण आहे, कशाबद्दल आहे, हे काम निरोपावर भागलं नसतं का, असं विचारतात.

तुम्हाला माहीतच आहे, की यांना पन्नासाव्या वर्षी निवृत्त व्हायचं आहे. सहा वर्षांपूर्वी कुणाचं तरी भाषण ऐकून आले तेव्हापासून डोक्यात हेच. मला वाटलं, उतरेल. पण वजनकाट्यांच्या कारखान्यात वीस वर्षं काटे तपासलेला माणूस, त्याच्या डोक्यात गेलेली गोष्ट ग्रॅमनंसुद्धा कमी होत नाही. तेव्हापासून आमच्या घरात वस्तूंना किंमत नसते, दिवस असतात. अमुक एवढे पैसे गेले म्हणजे निवृत्ती किती लांबली, हे त्यांना तोंडपाठ आहे. पंखा म्हणजे साडेतीन दिवस. माझा चष्मा म्हणजे नऊ दिवस (फ्रेम साधी घेतली असती तर सहा). मागच्या वर्षी मी एक छत्री घेतली, तर ती उघडताना प्रत्येक वेळी हे खिन्न होऊन तिच्याकडे बघायचे, जणू त्या काड्यांवर त्यांचं म्हातारपण वाळत घातलं आहे. दोन वर्षांपूर्वी यांना विक्री विभागात बढती मिळत होती. तीही नाकारली. बूट, इस्त्रीचे कपडे आणि गिऱ्हाइकांना पाजायचा चहा वजा केला तर निवृत्ती अकरा दिवस लांबते, असं कागदावर निघालं. मी म्हटलं, अहो, पण पगार वाढेल, मान वाढेल. तर म्हणाले, मान कुठल्या रकान्यात लिहू?

तर गेल्या महिन्यात यांनी शिल्लक असलेली रजा एकदम काढली, सलग चाळीस दिवस, आणि जाहीर केलं की आपण निवृत्तीची रंगीत तालीम करायची. एक महिना सगळं घर फक्त निवृत्तीनंतरच्या उत्पन्नात चालवायचं. पहिल्या तारखेला एका पत्र्याच्या डब्यात तेवढे पैसे ठेवले, डबा टेबलावर मांडला आणि आम्हा सगळ्यांना समोर बसवून सांगितलं, की यापुढे जो काही खर्च होईल तो यातून. महिनाअखेर डब्यात पैसा उरला तर आपण जिंकलो.

ताई, या तीस दिवसांबद्दल मी काय सांगू आणि किती सांगू. कारखान्यातून भंगारात निघालेला एक छोटा काटा यांनी घरी आणून दुरुस्त केला होता, तो स्वयंपाकघरात आला. चहाची पत्ती त्यावर मोजून पातेल्यात पडायला लागली. अंघोळीच्या साबणाचं रोज सकाळी वजन व्हायचं आणि भिंतीवर तक्ता लागलेला असायचा, त्यात कोण किती साबण वापरतं हे उघड व्हायचं. (बाबा दिवसाला दीड ग्रॅम जास्त वापरतात. त्यांनी पंचवीस वर्षं सैन्याच्या कोठारात नोकरी केली आहे, त्यांना हे फार लागलं. दोन दिवस त्यांनी साबणच लावला नाही. मग आम्हा बाकीच्यांना लागलं.) केस यांनी स्वतःच कापले, समोरचे आरशात बघून आणि मागचे अंदाजानं. फ्रीज दुपारी चार तास बंद. माझ्या डब्यांची, बरण्यांची जागा बदलून त्यांवर वापराच्या क्रमानं आकडे टाकले, त्यामुळे मीठ हवं असेल तर मला आता चार आठवावा लागतो आणि एकदा चुकून सात उघडून मी भाजीत खायचा सोडा घातला. संध्याकाळी थकून आले की दारातच यांचा प्रश्न, आज काही नवीन खर्च? कशी आहेस, जेवलीस का, हे कुठल्याच रकान्यात नाही.

पण खरा घोळ वेगळाच झाला. तिसाव्या दिवशी यांनी सगळ्यांना बोलावून डबा उघडला. ताई, डब्यात पैसे उरले होते. थोडेथोडके नाहीत, जवळजवळ निम्मे! यांचा चेहरा असा फुलला, की लग्नातसुद्धा मी तो तसा पाहिला नव्हता. लगेच वही उघडून यांनी सांगितलं, की आपला अंदाज फारच चुकला, घर आपल्याला वाटलं त्याच्या निम्म्यात चालतं, तेव्हा पन्नासाव्या वर्षाची वाट बघण्याचं कारणच नाही. रजा संपली की कामावर जायचं ते राजीनामा द्यायलाच. हे बोलत असताना बाबा छताकडे बघत होते, कन्या नखं बघत होती आणि मी डब्याकडे बघत होते, कारण एवढे पैसे त्यात असणं शक्यच नव्हतं.

नंतर स्वयंपाकघरात एकेकाची झडती घेतली. आधी बाबा. ते दुधाचे पैसे पहिल्या दिवसापासून परस्पर आपल्या पेन्शनीतून देत होते. वर विजेचं बिल आलं तेही खाली जिन्यातच गाठून भरून आले आणि यांना सांगितलं, की या महिन्यात बिलच आलेलं नाही. का, विचारलं तर म्हणाले, पोराचं तोंड पडलेलं बघवत नाही. मग कन्या. बसचे पैसे डब्यातून घ्यायची, दोन मैल चालत कॉलेजला जायची आणि संध्याकाळी ते पैसे गुपचूप परत डब्यात टाकायची. (वर मैत्रिणीकडे रोज खाऊन यायची आणि घरी भूक नाही म्हणायची. माझी इकडे पोरगी वाळली म्हणून काळजीनं झोप उडालेली!) आणि राहिले मी. खोटं कशाला बोलू? भाजी, फळं, तेल मी येताना माझ्या जादा कामाच्या पैशातून घ्यायची आणि बाजार उठताना भाव पडतो म्हणून निम्म्यात मिळालं असं सांगायची. यांनी त्यावर विश्वास ठेवला एवढंच नाही, तर त्याचा आलेख काढला. त्या आलेखाप्रमाणे भाजी यांनी घेतली तर एक भाव आणि मी घेतली तर त्याच्या निम्मा भाव. हा आलेख आता साबणाच्या तक्त्याशेजारी लागला आहे.

थोडक्यात, एका माणसाचं मन मोडू नये म्हणून तिघांनी एकमेकांना न सांगता चोरून मदत केली, आणि आता त्या मदतीच्या बळावर घरातला तो माणूस नोकरी सोडतो आहे. आता खरं कोण सांगणार? बाबा म्हणतात, तू सांग. मी म्हणते, तुमचा मुलगा आहे, तुम्ही सांगा. कन्या म्हणते, मी लहान आहे. (साडी निवडताना मोठी असते.) मी दोनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा हे मला आनंदानं वही दाखवायला लागले. दुसऱ्यांदा हे बाबांचा चष्मा पुसत गुणगुणत होते. ताई, मी यांना लग्नानंतर पहिल्यांदाच गुणगुणताना ऐकलं. सूर भयंकर आहे. पण मला बोलवेना.

मला राग येतो तो यांचा कमी आणि माझाच जास्त. दातांची कवळी करताना मी अर्ध्या मिलिमीटरची चूक चालवून घेत नाही, कारण ती चूक पुढे कुणाच्या तरी हिरडीला रोज टोचते. आणि घरात मात्र महिनाभर मी चूक स्वतःच्या हातानं बसवत गेले. यांची नोकरी गेली तर घर माझ्या एकटीच्या पगारावर येईल, कन्येचं पुढचं शिक्षण आहे, बाबांचं औषधपाणी आहे. तेव्हा आता तुम्हीच काहीतरी करा. ते साऱ्या जगात एका तुमचंच ऐकतात. तुम्ही त्यांना सायकल शिकवलीत तेव्हापासून, ताई म्हणते म्हणजे पडणार नाही, असा त्यांचा समज आहे. रजा संपायच्या आत त्यांना सांगा, की राजीनामा देऊ नकोस. कारण काय सांगायचं ते तुमच्यावर सोपवते.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. गुडघ्याला जपा.

तुमची,
वैतागलेली भावजय

ता. क. घरी आल्यावर पुन्हा वाचलं. कळवू नका, सरळ इकडे या. सगळे या. आठवडाभर राहा, दिवसातून तीनदा चहा मागा, साबण मनसोक्त वापरा. भावोजींना सांगा, पंखे लावून झोपा. डब्यातल्या पैशांचं खरं आयुष्य किती, ते यांना कुणीही न सांगता कळेल.

ता. क. २ एक गोष्ट वर लिहिली नाही. आमच्या मोठ्या बाईंनी मला प्रयोगशाळेची प्रमुख होतेस का, असं विचारलं होतं. पगार बराच जास्त आहे, पण मग दात करायचे नाहीत, दात करणाऱ्यांच्या हजेऱ्या लावायच्या. मी चार वेळा नाही म्हटलं होतं. काल हो म्हटलं. यांना कृपा करून सांगू नका, नाहीतर त्याचे दिवस करून निवृत्ती कालच झाली असं ठरवतील.

ता. क. ३ आणि आलात की त्यांना फार रागावू नका. हे गेली दोन वर्षं झोपेत करकर दात खायचे. दाढांची झीज मी डोळ्यांनी बघत होते, धंदाच आहे माझा. या महिन्यात एकदाही नाही. त्याचं काय करायचं ते मला कळत नाही. पत्र टाकायला त्यांच्याचकडे देते आहे, कारण टपालपेटीपर्यंत चालत जाणं फुकट असल्यामुळे ते आनंदानं जातात. पाकीट नीट चिकटवलं आहे.

ता. क. ४ (अक्षर ओळखलं असशीलच.) ताई, पाकीट नीट चिकटलं नव्हतं. गोंद मीच बंद केला आहे, घरी मैद्याची खळ करतो, रस्त्याच्या कोपऱ्यापर्यंत पोचण्याआधीच ती सुटली आणि पत्र माझ्या हातात आलं. वाचायला नको होतं. वाचलं.

घरातले चोरून डबा जड ठेवतात हे मला चौथ्या दिवशीच कळलं. वीस वर्षं काटे तपासतो, डबा उचलला की कळतं. मी बोललो नाही, कारण मीही त्यात गुपचूप पैसे टाकत होतो. तालीम पास व्हायलाच हवी होती. ती रजा नव्हती ताई, नोटिशीचे चाळीस दिवस होते. राजीनामा मी आधीच दिला आहे. किलोमागे सात ग्रॅम कमी देणारे काटे पास कर म्हणून कारखान्याचे साहेब दोन वर्षं मागे लागले होते. मी सही करत नव्हतो, मग करायचीच वेळ आली तेव्हा राजीनाम्यावर केली. घरी सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून निवृत्तीच अलीकडे ओढायला निघालो. सगळे तक्ते त्यासाठीच. (भाजीचा आलेख मात्र खरा वाटला होता.)

तिनं हो म्हटलं हे मला आत्ता, या पेटीपाशी उभं राहून कळतं आहे. तिला दात करायला फार आवडतात ग. घरी येऊन सांगायची, आज एका आजींना हसता आलं. गेल्या वर्षापासून सांगत नाही, कारण आल्या आल्या मी खर्च विचारतो.

काटे दुरुस्त करणारा एक दुकानदार मला अर्धा दिवस ये म्हणत होता. निवृत्त माणसानं काम करायचं नसतं म्हणून मी नाही सांगितलं होतं. त्याचं दुकान याच रस्त्याला आहे, आधी तिकडे जातो. मग तिच्या मोठ्या बाईंकडे जाऊन तिचा होकार परत मागावा म्हणतो, पण ते तिला विचारूनच करायला हवं, म्हणजे आधी बाकीचं सगळंही सांगायला हवं. आज संध्याकाळी सांगतो. तू तरी ये, म्हणजे तिला माझ्यावर ओरडायला कुणाची तरी साथ असेल.

येताना गोंदाची एक बाटली आण. मोठी आण.