माशिनचं पुस्तक

ता. घनसावंगी
१२ जुलै २००४

प्रिय शिवाजी,

आपल्या गल्लीतला बद्रीनाथ परवा अंकुशनगरहून आल्ता. सांगून राह्यला का तू तिथं एका रोपवाटिकेत गवत काढायची पेट्रोलची माशिन चालवायला लागलास. आपल्या बागेत आणली होतीस तसलीच, खाली गोल फिरणारी पाती. ते ऐकल्यापासून मला भाकर गोड लागंना, म्हणून हे निळं पत्र आणलं. दोन वर्षं झाले, तू घरचा उंबरा चढला न्हाईस. येशील का न्हाई ते तुझं तू बघ, पण आधी माशिनचं ऐक.

उपरणं, रुमाल, लोंबतं काही अंगावर नको. बूट घाल, चप्पल न्हाई. पेट्रोल टाकायचं तर माशिन गार होऊ दे, अन् बिडीवाल्याला लांब हाकल. मागं ओढताना बिलकुल घाई नको, पाती आपल्याच पायावर येती. अन् पात्यात गवत गुंतलं तर आधी बंद कर, पलगची टोपी काढ, म्हंजी माशिन चालूच होत न्हाई, मंगच हात घाल. हसशील. हे सगळं तूच मला वाचून दाखवलं होतं. मोसंबीच्या झाडाखाली बसून, माशिनसोबत आलेलं ते पुस्तक, एकेका ओळीवर बोट ठेवून. मी म्हणलो, रान नीट करायचं का दहावीला बसायचं? तू म्हणलास, बापू, एवढं पान तर होऊ द्या. मी उठून गेल्तो.

आपला हरण्या बैल आठवतो का? वखर चालू असताना खालच्या पासेला, त्या लोखंडी पात्याला, गवत गुंतलं की मी नुसतं ‘हो’ म्हणायचो, थांब म्हणून. हरण्या जागच्या जागी उभा, अन् त्याच्यासोबत मोऱ्या. मंग मी पायानं गवत ढकलायचो. तू वजनाला वखरावर बसलेला, ऊन तापलं तरी उतरायला तयार न्हाई. चाळीस वर्षं पायाला तीच सवय. हरण्या थकला, तू माशिन आणली, तव्हा पोळ्याला तुझ्या मायनं माशिनलाच कुंकू लावलं, पुढं पुरणपोळी ठेवली. तू हसत सुटलास. मला पण हसू आल्तं. दाखवलं न्हाई.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसलो ते. त्या दिवशी तू माशिन बराबर बंद करून, टोपी काढून विहिरीवर पाणी प्यायला गेल्तास. मला दम निघंना. टोपी मीच लावली, दोरी मीच ओढली. चार झाडं झाली अन् गवत गुंतलं. मी म्हणलो ‘हो’, अन् पाय घातला. दवाखान्यात सगळे विचारायला लागले, पायाची दोन बोटं कशी गेली, तव्हा मी बोलून गेलो का पोरगं माशिन चालू ठेवून गेलं. तू तिथंच उभा होतास. तिथूनच गेलास, घरी आला न्हाईस. परवा बद्रीनाथच्या समोर तुझ्या मायला खरं सांगितलं. तव्हापासून तिनं मला चहा दिला न्हाई. बराबर केलं. माशिन पत्र्याखाली हाये, टोपी काढलेली. पुस्तक फळीवर हाये. पोळ्याला ये. त्याच झाडाखाली बसू, पहिल्या पानापासून वाच. मी उठणार न्हाई.

तुझाच,
बापू