अप्पांची बाजू

प्रिय अप्पा,

आज बाजाराचा दिवस. लई गर्दी होती. शटर ओढलं आणि हातपाय न धुताच लिहायला बसले, कारण घडलंच तसं. तुम्ही गेल्यापासून दुकानापुढं रिकामं पडलेलं बाकडं आज भरलं!

आधी तुमचे शिंपी चाचा आले, मागोमाग बुद्धविहारातले गुरुजी. दोघांनी मधली तुमची जागा सोडली. चहा संपला तरी वाद काही पेटेना. जन्मभर एकाच प्रश्नावर भांडलात ना तिघं? वर कुणी चांगला बसलाय, तर खाली चांगल्यांचे हाल का? तुम्ही म्हणायचात, प्रारब्ध. चाचा म्हणायचे, इम्तिहान, वरचा परीक्षा बघतो. गुरुजी म्हणायचे, "दुःख हाय, त्याला कारण हाय. देवाला कशाला मधी ओढता?"

एक बोलू? आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिलाही तुम्ही "मागच्या जन्माचं असंल" म्हणालात. केवढं लागलं मला! आई मात्र हसली. "मागच्या जन्मीबी तुमच्याशीच लगीन केलं असंल, दुसरं काय!" तुमचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

मग तुम्हीच आजारी पडलात. कधी मापात मारलं नाही, कुणाला टाकून बोलला नाहीत. तुम्हालाच का? मी विचारलं, तर म्हणालात, "न्हाई गं कळत. पाय चेप जरा." तेव्हा माझा सगळा राग गेला, अप्पा.

आपल्या लिंगायतांच्या रीतीनं तुम्हाला बसवूनच माती दिली. मांडी घातलेली, हातात इष्टलिंग. मूठभर माती टाकताना चाचा रडत रडत म्हणाले, "देखो, अजून वादालाच बसलाय!" जमलेले सगळे हसले.

तर आज मलाच राहवलं नाही. "अप्पांनी कुणाचं काय वाईट केलं होतं हो?" आणि गुरुजी, देव न मानणारे आपले गुरुजी, खाकरून म्हणाले, "प्रारब्ध."

चाचा उसळले, "तुम्ही म्हणता हे?"

"मग! तो न्हाई तर त्याची बाजू कुणी मांडायची?"

आणि जुंपली की! गिऱ्हाईकं खोळंबली. मी हसू का रडू?

पुढच्या बाजारी तुमच्या जागेवर मी बसणार, शब्द देते. पण प्रारब्ध म्हणणार नाही हं. "न्हाई कळत" म्हणेन आणि चहा सांगेन. तुमची शेवटची बाजू तीच होती, आणि त्या दोघांना ती अजून ठाऊकच नाही!

तुमचीच भांडखोर,
महानंदा