पुढचं वजन

प्रिय चिमणे,

तुझं पत्र मिळालं. ते चाकांवरचं घर, कॅरॅव्हॅन, आधी घेतलीस आणि ती ओढायची कशी हे आता विचारते आहेस. आधी कळस मग पाया, ही तुझी जुनीच खोड. पण विचारलंस ते बरं केलंस. सतरा वर्षं गॅरेजमध्ये गाड्यांना मागचे हुक बसवतोय, एवढं तर नक्कीच सांगू शकेन.

जड सामान खाली, जमिनीलगत आणि चाकांच्या आसपास ठेव. वरच्या कपाटांत फक्त कपडे आणि पांघरुणं. डावी-उजवी बाजू सारखी हवी, पाण्याची टाकी रिकामी हवी. मुलांच्या सायकली मागे लटकवू नकोस, जावईबापूंनी कितीही हट्ट धरला तरी. सगळं भरून झालं की तिचा गाडीच्या हुकाला जोडायचा पुढचा दांडा घरातल्या वजनकाट्यावर टेकव, मध्ये लाकडी ठोकळा ठेवून. हजार किलोच्या कॅरॅव्हॅनला तिथे साठ-सत्तर किलो भरायला हवं. तुझ्या गाडीचा हुक किती पेलतो तेही बघून घे. काटा कमी दाखवत असेल तर भार मागे गेलाय असं समज. मग ती रस्त्यावर डुलायला लागते, उतारावर तर जास्तच. तसं झालंच तर ब्रेक दाबू नकोस. स्टीअरिंग सरळ धर आणि एक्सलरेटरवरचा पाय हळूच काढ.

हे सगळं बाबांचं शिकवणं आहे. सुट्टीला निघायच्या आधी ते प्रत्येक वस्तू तोलून तिच्यावर खडूने आकडा लिहायचे. आई एकदा म्हणाली, आता मलाही तोला, तर त्यांनी तिला खरंच काट्यावर उभं केलं आणि तिच्या हातावर आकडा लिहिला. दिवसभर तिने तो पुसला नाही.

बाबांसारखं व्हायला नको म्हणून विचारते, असं तू लिहिलंयस. ते वाचल्यावर दोन दिवस मी पत्राला हात लावला नाही.

तू तेव्हा अकरा वर्षांची होतीस. घाटातल्या उतारावर कॅरॅव्हॅनने आपली गाडी फरफटत कडेच्या खड्ड्यात नेली आणि आई गेली. बाबांनी पोलिसांना, आजीला, सगळ्यांना एकच सांगितलं, की वेग माझाच जास्त होता. तू ते धरून बसलीस. लग्नाला बोलावलं नाहीस, आणि तुझ्या मुलांना आजोबांचा चेहराही माहीत नाही.

वेग जास्त नव्हता, चिमणे. त्या सकाळी बाबा सगळं तोलून घर बंद करायला आत गेले आणि कॅरॅव्हॅन जोडायचं काम मला दिलं. दांडा वर-खाली करायच्या छोट्या चाकाचा स्क्रू गंजून अडकला होता, त्यामुळे दांडा हाताने उचलावा लागणार होता. मी वीस वर्षांचा. मी एकटा जोडतो असं ऐटीत सांगून बसलो होतो, आणि तो जागचा हलेना. बाबांना हाक मारायची लाज वाटली. म्हणून त्यांची हत्यारांची पेटी आणि डबाबंद खाण्याचं खोकं मी मधून काढून अगदी मागच्या कपाटात कोंबलं. दांडा हलका झाला आणि एका दमात उचलला गेला. बाबांनी बाहेर येऊन माझी पाठ थोपटली. पुन्हा काटा लावून बघायचं त्यांना कारणच नव्हतं.

खड्ड्यातून सामान गोळा करताना त्यांना ती पेटी मागच्या फुटलेल्या कपाटात सापडली. माझ्याकडे त्यांनी एकदाच बघितलं. मग पोलिसांकडे जाऊन वेगाचं सांगून आले. मला शपथ घातली, की हे हिला कधीच सांगायचं नाही, आई गेली, आता हिला निदान भाऊ तरी राहू दे. आणि मी एकोणीस वर्षं मूग गिळून बसलो. तू त्यांना नावं ठेवायचीस तेव्हाही मी मान हलवायचो. या एका गोष्टीची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

बाबा महिनाभर हॉस्पिटलमध्ये आहेत. डॉक्टर म्हणतात, फार तर आठवडा. ते तुझं नाव घेत नाहीत. दार वाजलं की तिकडे बघतात, नर्स आत आली की भिंतीकडे तोंड करतात. म्हणून आज शपथ मोडतोय. शनिवारी निघणारच आहेस, तर मुलांना घेऊन इकडे ये. भेटायची वेळ चार ते सहा आहे. त्या वेळात मी गॅरेजमध्येच असेन, तुझ्यासमोर येणार नाही. माझं काय करायचं ते तू नंतर सावकाश ठरव, बाबांकडे तेवढा वेळ नाही.

तुझाच, अजून म्हणू देशील तर,
दादा