सुमनचा नायटा

लातूर, १९८२, बुधवार, सांजच्याला

न्हाई, मी डॉक्टरीणबाईशी भांडायला गेले नव्हते. सुनेचा, सुमनचा नायटा दाखवायला गेले होते. कंबरभर पसरलाय. माझी जाऊ गल्लीभर सांगत फिरती, "न्हातच न्हाई ती, पाठवा माहेरी." अन् माझा लेक मान खाली घालून गप!

न्हाईल कशानं? जिल्हा नवा झाला, कचेरीवर पाटी नवी लागली, पाणी मात्र टँकरचंच. माणशी अर्धी बादली. सुमन पाणी भरती, सगळ्यांच्या मागून न्हाती अन् सगळ्यांनी पुसलेल्या ओल्या पंच्यानं अंग पुसती. ही रीत घरात लावली कुणी? मीच की.

बाई म्हणाल्या, "आजी, ही बुरशी आहे. अंगात रोगाशी लढणाऱ्या पेशी असतात, त्यांनाच ती सुस्त पाडते. म्हणून रोज आंघोळ करणाऱ्याचाही नायटा लवकर जात नाही. घरात आधी कुणाला झाला?"

सुमन हळूच म्हणाली, "ह्यांना."

लेकाला! गुपचूप दुकानातली ट्यूब लावून राहिला, अन् पंचा तोच, ओला! वर बायकोला नावं ठेवताना गप!

घरी येऊन त्याच्याही हातात औषध दिलं, सुमनला कोरडा पंचा. उद्यापासून पहिली आंघोळ तिची.

जाऊ म्हणती, "राणीच केली की सुनेला!"

म्हनलं, "व्हय. अन् तुझा पुतण्या शेवटी न्हाईल."

सुमन माहेरी जाणार न्हाई. ह्याच्यावर मी आणखी एक शब्द बोलणार न्हाई.